थांबलेला बाप्तिस्मा

धाकूने दारू सोडली आणि नलिनीची झोप उडाली.

शेजारणींना ते उलटंच वाटायचं. "सुटलीस गं बाई एकदाची," असं त्या नळावर म्हणायच्या आणि नलिनी हसून हंडा उचलायची. त्यांना काय सांगणार? दारू होती तेव्हा निदान कळायचं तरी. पायऱ्यांवरून येणारी पावलं, दारात काढलेल्या चपलांचा आवाज, मग तो वास. एवढ्यावरून आज काय होणार हे तिला ओळखता यायचं. मग ती दिशाला काहीतरी निमित्त काढून शेजारी पाठवायची, गॅसवरचं उकळतं पातेलं खाली उतरवून ठेवायची आणि भिंतीला पाठ लावून उभी राहायची. आता वास नव्हता. चपला जागच्या जागी असायच्या. माणूस गप्प येऊन जेवायचा, ताट धुवायचा, चष्मा लावून वाचत बसायचा. आणि नलिनी वाट बघत बसायची. आज नाही तर उद्या. पण कधी? कशावरून?

घाटकोपर पश्चिमेला, असल्फ्याच्या टेकडीवर त्यांची खोली होती. धाकूचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते. गिरणी बंद पडल्यावर परळची जागा गेली आणि घर टेकडीवर आलं. धाकू साकीनाक्याच्या एका गाळ्यात वेल्डिंग करायचा. खिडक्यांच्या ग्रिल, जिने, गेट. हात चांगला होता, मालक त्याला सोडत नसे. नलिनी खाली भटवाडीच्या बाजूला एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायची. मुलगी दिशा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

बाहेर धाकू मोठा लाघवी. गणपतीत मखर तोच करायचा, कुणाच्या मयताला पहिला धावायचा. घरात मात्र दुसराच माणूस. एकदा त्याने नलिनीचा हात असा पिरगळला की मनगटाचं हाड मोडलं. दवाखान्यात त्यानेच सांगितलं, "बाथरूममध्ये पाय घसरला हो." डॉक्टरांनी नलिनीकडे पाहिलं. धाकू तिच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. ती म्हणाली, "हो, साबण होता." बोरिवलीला राहणाऱ्या तिच्या भावाला, सुयोगलाही तेच सांगितलं गेलं. सुयोग बिचारा बाथरूममध्ये टाकायला रबरी चटई घेऊन आला होता.

गाळ्यातल्या प्रीतम नावाच्या सोबत्याने धाकूला मुलुंडच्या प्रार्थनासभेत नेलं. एका शाळेच्या वर्गात दर रविवारी चाळीस-पन्नास माणसं जमायची. प्रीतमची स्वतःची दारू तिथेच सुटली होती. धाकू आधी चेष्टा करायला गेला, मग ऐकायला, आणि एके दिवशी सगळ्यांसमोर उभा राहून हुंदके देऊन रडला. मी पापी आहे, प्रभूने मला उचललं, असं म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे त्यानेच घरी येऊन सांगितलं. दुपारची जेवणं झाली होती, दिशा अभ्यासाला लायब्ररीत गेली होती. तो नलिनीसमोर खाली बसला आणि म्हणाला, "नलू, माका माफ कर."

इतक्या वर्षांत तो असा समोर बसला नव्हता. 'नाही' म्हणण्याची हिंमत नव्हती आणि 'हो' म्हटलं तर काय म्हटलं हे तिलाच ठाऊक नव्हतं.

"बरं," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. "देवाने केलंन, तूही केलंस. आता मागचा सगळा पुसला." आणि तो समाधानाने भिंतीला टेकून झोपला. नलिनी भांडी घासायला बसली. तिच्या मनात आलं, हे देवाशी परस्पर मिटवून आले. मार मी खाल्ला आणि हिशेब त्यांच्या दोघांत झाला. मग तिला स्वतःच्याच विचाराची भीती वाटली. देवाबद्दल असं म्हणावं का? देव्हाऱ्यातले तिचे देव एकीकडे, त्यांचा तो नवा देव दुसरीकडे. कोण कधी कोपेल, काय सांगावं?

बाप्तिस्म्याचा दिवस ठरला. गोराईच्या समुद्रात, येत्या रविवारी. ही बातमी विक्रोळीला धाकूच्या थोरल्या भावापर्यंत, धोंडिरामपर्यंत पोचली आणि तो तडक टेकडी चढून आला. आल्या आल्या त्याने पाणीसुद्धा घेतलं नाही.

"काय रे, किती दिले त्यांनी तुका?"

"कोणी काय देऊक नाय, दादा."

"मग? आपल्या घराण्यात असा कोणी केल्यान नाय. गणपतीक गावाक येतलस काय नाय? आवशीक काय सांगू मी? पोरीचा लगीन कोण करतलो तुझ्या?" तो नलिनीकडे वळला. "आणि तू गो? तू काय तोंडात गुळणी धरून बसलीस? तुका धरून ठेवूक जमला नाय?"

नलिनी धाकूच्या मानेवरची शीर बघत होती. ती शीर फुगली की पुढे काय होतं हे तिला पाठ होतं. शीर फुगलेली होती. पण धाकू म्हणाला, "तिका काय बोलू नको. ह्या माझा आसा." आणि गप्प बसला. धोंडिराम शिव्या घालत, दार आपटून गेला.

शेजारची बाई नंतर म्हणाली, "बघ, किती बदलला माणूस." नलिनीला मात्र वाटलं, आत साठलंय. गेलं कुठे नाही.

ते शुक्रवारी बाहेर आलं. धाकू संध्याकाळी लवकर घरी आला होता. दिशाला तो सांगू लागला की रविवारी तूही ये, आई पण येईल, देवाने आपल्या घराला कशी क्षमा केली ते सगळ्यांनी बघावं. दिशा पुस्तकातून मान वर न करता म्हणाली, "आपल्या घराला? घराने काय केलं होतं? केलं तू होतंस."

"तेच म्हणतोय मी. मला माफी मिळाली."

"कुणाकडून? आईला खरं विचारलंस का कधी? ती घाबरून 'बरं' म्हणाली, बाबा. तिला तुझ्यासमोर दुसरं काही बोलता येतं का?"

पाण्याचा तांब्या धाकूच्या हाताशी होता. तो कधी उचलला गेला ते कुणालाच दिसलं नाही. दिशाच्या कानाजवळून तो गेला आणि भिंतीवर आपटून खाली गडगडला. पाणी पुस्तकावर, चटईवर, सगळीकडे. दिशा ओरडलीसुद्धा नाही. नलिनी मध्ये जाऊन उभी राहिली, हात डोक्यावर धरून, नेहमी धरायची तसे.

काहीच झालं नाही. धाकू स्वतःच्या हाताकडे बघत होता. मग चपला न घालता तो दाराबाहेर पडला आणि पायऱ्या उतरून गेला.

नलिनीने आतून कडी लावली. टेबल ओढून दाराला लावलं. "आता पिऊन येणार," ती म्हणाली. "दिशा, तू जा मैत्रिणीकडे."

"मी तुला सोडून जाणार नाही."

दोघी ओल्या चटईवर बसून राहिल्या. खाली कुणाच्या तरी घरात मालिका लागली होती, तिचं संगीत वर येत होतं. नलिनी प्रत्येक पाऊल कान देऊन ऐकत होती. एक जण वर गेला. दोन मुलं धावत खाली गेली. आणि मग ते पाऊल आलं. पण त्याच्या मागे आणखी एक होतं, सावकाश, धापा टाकत चढणारं.

"ताई, मी उजागरे. मुलुंडच्या मंडळीचा पास्टर. दार उघडायचं नसेल तर मी बाहेरूनच बोलतो."

आवाज म्हाताऱ्या माणसाचा होता, नगरकडचा हेल असलेला. दिशाने टेबल सरकवलं. साठीचा, बारीक अंगाचा गृहस्थ पायरीवर उभा होता, हातात घडी केलेली छत्री. धाकू त्याच्या मागे दोन पायऱ्या खाली, मान घालून. दारूचा वास नव्हता.

"रविवारचा बाप्तिस्मा मी थांबवलाय," उजागरे म्हणाले. "मी नाही, यांनीच. अनवाणी मुलुंडला आले आणि म्हणाले, 'पास्टर, मी पोरीवर तांब्या फेकला. मी तसाच आहे.' मला तुमच्याशी बोलायचंय. यांच्यासमोर नाही." ते मागे वळले. "धाकू, तुम्ही खाली पाण्याच्या टाकीजवळ जाऊन थांबा. हाक मारल्याशिवाय वर यायचं नाही."

धाकू गेला. नलिनीला हेच नवल वाटलं की कुणीतरी त्याला जा म्हणालं आणि तो गेला.

उजागरे दाराजवळच खाली बसले. बराच वेळ धाप लागली होती. दिशाने पाणी दिलं. मग त्यांनी सरळ विचारलं, "ताई, तुम्हाला यांची भीती वाटते का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. आईने, सासूने, डॉक्टरांनी, कुणीच नाही. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला खालची टाकी आठवली. आवाज खाली जाईल का? हा म्हातारा आता जाऊन सगळं त्याला सांगेल. मग आपण दोघीच उरू.

"माझ्याकडून त्यांच्या कानावर काही जाणार नाही," उजागरे म्हणाले, जणू तिच्या मनातलं ऐकू आल्यासारखे.

"वाटते," नलिनी म्हणाली. मग थांबवेना. मनगट, साबण, रबरी चटई, दिशाच्या पाचवीतल्या वाढदिवसाचा केक भिंतीवर, सगळं बाहेर आलं. दिशालाही त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. ती आईचा पदर धरून बसली होती.

उजागरे मध्ये एकदाही 'क्षमा करा' म्हणाले नाहीत. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "आमची चूक झाली, ताई. माणूस रडला आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. ज्यांना लागलं होतं त्यांना कुणी विचारलंच नाही. रडू खरं असतं, पण ते संध्याकाळपर्यंतच टिकतं. दारू सोडणं काही जणांना देवाशिवायही जमतं. मन पालटणं म्हणजे ज्या दिशेने चाललो होतो तिच्याकडे पाठ फिरवायची, आणि आजवर जे झाकलं ते उजेडात ठेवायचं. मग त्याचं जे होईल ते सोसायचं. पाण्यात बुडवून हे होत नाही. हे आधी व्हावं लागतं, पाणी नंतर."

"मग ते झालंय का यांचं?"

"मला माहीत नाही. आज सुरू झालं असेल. ते स्वतः चालत आले, एवढंच मी बघितलं. तुम्हाला काय हवंय?"

"ते घरात नकोत," नलिनी शेवटी म्हणाली.

"हे त्यांना मी सांगू का?"

"नको. तुम्ही सांगितलंत तर ते म्हणतील तुम्ही शिकवलंत. मीच सांगते. पण तुम्ही इथेच बसा."

धाकूला वर बोलावलं. तो उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. नलिनीने दिशाचा हात घट्ट धरला होता. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तुम्ही काही दिवस गाळ्यात राहा. मी म्हणेपर्यंत येऊ नका."

त्याच्या जबड्याचं हाड हललं. ती शीर पुन्हा वर आली. नलिनी डोळे मिटून उभी राहिली.

"माझी खोली आसा ही," धाकू म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मग धाकूच खाली बघून म्हणाला, "कपडे दे माझे. नाय, तू नको उठू. दिशा, खुंटीवरचे दे." दिशाने पिशवी भरून उंबऱ्यावर ठेवली, त्याच्या हातात दिली नाही. तो पिशवी उचलून उतरून गेला.

भीती मात्र त्याच्याबरोबर गेली नाही. नलिनीला आता वेगळंच दिसायला लागलं. तो गाळ्यात एकटा बसून विचार करेल. चार माणसं त्याला चढवतील. बायकोने घराबाहेर काढलं म्हटल्यावर कुठला पुरुष गप्प बसेल? केंद्रात पोळ्या लाटताना रस्त्यावरून कुणी जोरात हाक मारली की तिच्या हातातलं लाटणं सुटायचं.

रविवारी दुपारी दार वाजलं तेव्हा तिला वाटलं, आला. पण बाहेर सुयोग होता. त्याचे डोळे लाल होते.

"ताई, भावोजी सकाळी घरी आले होते," तो म्हणाला. "उत्तरा होती, तिचे बाबाही आले होते. मी म्हटलं या, चहा घ्या. ते बसलेच नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, 'सुयोग, तुझी बहीण बाथरूममध्ये पडली नव्हती. हात मी मोडला. आणि तुझ्यासमोर खोटं बोललो.' ताई, मला आधी कळेचना ते काय बोलतायत. मग मी उठलो आणि त्यांच्या थोबाडीत मारली. दोनदा. सासऱ्यांनी मला आवरलं. ते हात खाली सोडून उभे होते. म्हणाले, 'पोलिसात जायचं असेल तर मी येतो, लिहून देतो.'" सुयोगला हुंदका आला. "तू मला का नाही गं सांगितलंस?"

"तुला सांगून मला त्याच घरात परत जायचं होतं, रे."

"आता जाऊया. चौकीत चल."

नलिनीने दिशाकडे पाहिलं. दिशा म्हणाली, "तू म्हणशील ते, आई."

"आज नको," नलिनी म्हणाली. "पण जायचं की नाही ते मी ठरवणार. तू नाही, ते नाहीत, त्यांचा पास्टरही नाही." हे आपण बोललो यावर तिचाच विश्वास बसेना. सुयोग गेल्यावर तिने पुन्हा कडी लावली. खरं सांगून टाकलेला माणूस उद्या पस्तावला तर? भावाने मारल्याचा सूड आपल्यावर निघाला तर?

सूड निघाला नाही. पुढे कळलं की धाकू विक्रोळीलाही गेला होता. धोंडिरामने भावकी गोळा केली होती, पाद्र्याने आणि बायकोने मिळून भावाला रस्त्यावर आणलं असं सगळ्यांना सांगून. काही जण मुलुंडच्या सभेत जाऊन जाब विचारू म्हणत होते. धाकू मध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "माका कोणी बाहेर काढूक नाय. मी बायकोक मारी, म्हणान बाहेर आसंय. कोणाक काय विचारूचा असला तर माका विचारा." जमलेल्यांत बायकोवर हात न उचललेले फार नसावेत. एकेक जण चहा न घेताच उठून गेला. त्या वर्षी गावच्या गणपतीला धाकूला कुणी बोलावलं नाही. त्याची आई फोनवरही बोलेना. हे सगळं प्रीतमने दिशाला सांगितलं, नाहीतर नलिनीला कळलंही नसतं.

पुढचे कितीतरी महिने तो गाळ्यात राहिला. लोखंडाच्या सांगाड्यांमध्ये पत्र्याखाली झोपायचा. पगार झाला की घरखर्चाचे पैसे प्रीतमच्या हाती पाठवायचा, स्वतः टेकडीच्या पायथ्याच्या वर यायचा नाही. एकदा नलिनी केंद्रातून सुटून घरी निघाली तर तो रिक्षा स्टँडजवळ दिसला. ती जागीच थिजली. त्याने तिला पाहिलं, आणि तोच रस्ता ओलांडून पलीकडे गेला. नलिनी घरी पोचेपर्यंत तीनदा मागे वळून बघत होती.

उजागरे मधूनमधून फोन करायचे. एकदा म्हणाले, "धाकू पुन्हा बाप्तिस्म्याचं विचारतायत. मी म्हटलं, आधी ताईंना विचारतो."

नलिनीला ते आवडलं नाही. "माझ्या हो-नाहीवर ठेवू नका," ती म्हणाली. "देवाचं आणि त्यांचं काय ते तुम्ही बघा. आणि ते झालं म्हणून मी त्यांना घरात घ्यायलाच पाहिजे, असं नसेल तरच करा."

"असं अजिबात नाही," उजागरे म्हणाले.

ती बाप्तिस्मा बघायला जाणार नव्हती. पण त्या सकाळी दिशाच म्हणाली, "आई, लांबून बघू." दोघी बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडून गोराईला गेल्या. भरती उतरत होती. पाचसहा माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. धाकू शेवटचा होता. उजागऱ्यांनी त्याला विचारलं ते वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही. मग त्यांनी त्याच्या पाठीला हात लावून त्याला मागे पाण्याखाली नेलं. तेवढ्यात नलिनीने नकळत पदर तोंडाशी नेला. तो वर आला, खोकला, नाकातोंडातून पाणी काढलं. तिला वाटलं होतं काहीतरी दिसेल. काही दिसलं नाही. भिजलेला, पोट सुटलेला, पन्नाशीचा माणूस.

किनाऱ्यावर बायका गाणं म्हणत होत्या. त्यांतली एक जाडजूड बाई नलिनीपाशी आली आणि तिचे दोन्ही हात धरून म्हणाली, "झालं गं बहिणी! आता नवा माणूस झाला. आता आजच घरी घेऊन जा त्याला." आजूबाजूच्या सगळ्या हसून बघू लागल्या. इतक्या लोकांसमोर, देवाच्या नावाने. आता नाही कसं म्हणायचं? हात सोडवता येईनात.

धाकू टॉवेल गुंडाळून तिथवर आला होता. तो तिच्यापासून बराच लांब थांबला. "मावशी, हात सोडा तिचे," तो म्हणाला. "आज काय नाय. ती बोलवील तेव्हा. नाय बोलवलान तरी तिचा बरोबर आसा."

बाईने हात सोडले. नलिनी आणि दिशा पुढची होडी धरून परत आल्या.

तिने त्याला अजून घरात राहायला बोलावलेलं नाही. रविवारी तो सभेनंतर दुपारी जेवायला येतो, तेही दिशा घरी असेल तेव्हाच. दिशा त्याच्याशी कामापुरतं बोलते. देव्हारा आहे तिथेच आहे, नलिनी रोज दिवा लावते, तो त्याबद्दल चकार शब्द काढत नाही.

गेल्या रविवारी त्याने बांगड्याच्या तिखल्यात कालवलेल्या भाताचा घास घेतला आणि म्हणाला, "मीठ कमी झाला गो."

"मग घ्या की उठून," नलिनी पटकन बोलून गेली. "बरणी समोर आहे."

दिशाचा घास हातातच राहिला. धाकू उठला. चार पावलं चालत ओट्याकडे गेला, मीठ घेतलं, येऊन बसला आणि जेवू लागला. जेवून ताट धुतलं, पाणी प्यायला आणि गेला.

नलिनी दाराशी उभी राहून त्याची पावलं खाली उतरेपर्यंत ऐकत राहिली. संध्याकाळी ती पुन्हा ऐकत होती. दुसऱ्या दिवशीही. अजून काही झालेलं नाही.